कळ दाबणारे बोट

रंगमंदिरातील प्रेक्षकाला ‘एकच प्याला’मधील सुधाकराच्या हातचा पेला हिसकावून घेता येत नाही, परंतु तो भरून देण्याचे कामही कोणी त्याच्यावर सोपवीत नाही. शोकनाट्य पाहणारा असा दोन्ही बाजूंनी मोकळा असतो. त्याने हळहळावे, डोळे टिपावे आणि शेवटची बस गाठावी. व्हिडिओ खेळांनी शोककथा सांगावयास घेतली, तेव्हा ही सोय उरली नाही. तेथे कथा पुढे सरकते ती खेळणाऱ्याच्या बोटाने.

अमेरिकेतील नॉटी डॉग या संस्थेचा ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) हा खेळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. बुरशीजन्य रोगाने देश उद्ध्वस्त झाला आहे आणि एली या मुलीला मात्र तो बाधत नाही. तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केल्यास लस मिळण्याची आशा आहे, पण ती जगणार नाही. तिला पोटच्या मुलीसारखी मानू लागलेला जोएल रुग्णालयात शिरतो आणि वाटेत येणाऱ्यांना ठार मारतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत एक शल्यचिकित्सक त्याला अडवून उभा राहतो, आणि कथाच थबकते. खेळणाऱ्याने त्याला मारल्यावाचून ती हलत नाही. पुढील भागात (२०२०) त्याच शल्यचिकित्सकाची मुलगी ॲबी जोएलचा जीव घेते, एली सूडासाठी निघते, आणि कथा अर्ध्यावर येताच खेळणाऱ्याला ॲबी व्हावे लागते. जिचा द्वेष करावयाचा, तिचेच प्राण त्याने राखावयाचे!

पर्यायच नव्हता, तर अपराध कोणाचा, असा आक्षेप अशा खेळांवर घेतला जातो. बर्लिनच्या यागर संस्थेच्या ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ला (२०१२) तो नेमका लागू पडतो. वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत खेळणाऱ्याला पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करावाच लागतो. मग जळालेल्या नागरिकांमधून त्याला चालविले जाते आणि वर त्यालाच जाब विचारला जातो. एकच माल ठेवलेल्या दुकानात गिऱ्हाइकाला कोंडावे आणि ‘हाच का घेतलास?’ म्हणून दटावावे, तसला हा प्रकार. जोएलच्या कथेत ही दटावणी नाही. तेथे अपराध जोएलचाच राहतो. खेळणाऱ्याच्या वाट्याला येते ती एका माणसाच्या हट्टापुढे आपले बोट कचरल्याची जाणीव. ती लहान गोष्ट नव्हे.

तथापि निवड खरोखर हाती दिली तर काय होते, याचे उत्तर वॉर्सा येथील ११ बिट स्टुडिओजच्या ‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये (२०१४) सापडते. १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. येथे सैनिक नायक नाहीत. पडक्या घरात तग धरून राहिलेली सामान्य माणसे आहेत. दिवसा घराची डागडुजी, आणि रात्री एकाने बाहेर जाऊन मिळेल ते आणावयाचे. पिशवी लहान, त्यामुळे औषध घ्यावे की लाकूड, असा हिशेब प्रत्येक फेरीला. निवडीची किंमत म्हणजे तिच्यापायी सोडलेला दुसरा पर्याय, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकविले जाणारे वाक्य येथे पोटाला चिमटा घेते. युद्ध कधी थांबेल हे खेळणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणजे शिल्लक किती राखावी याचेही गणित अधांतरी!

एका शांत घरात वृद्ध दांपत्य राहते. त्यांच्यापाशी अन्न आहे, औषध आहे, शस्त्र नाही. म्हातारा विनवतो, प्रतिकार करीत नाही. लुटावेच अशी सक्ती नाही आणि लुटू नये असा पहाराही नाही. लुटणारा घरी परततो तो खचून. त्याची खिन्नता वाढत गेली तर तो आत्महत्याही करू शकतो. पोलंडच्या सरकारने २०२० साली हा खेळ माध्यमिक विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले, ते उगीच नव्हे.

अर्थात येथेही कपाटात काय असावे आणि कोणते कपाट रिकामे असावे, हे रचनाकारच ठरवितात. टंचाई त्यांची, निवड तेवढी खेळणाऱ्याची. रोजच्या जगातही बहुतेकांच्या वाट्याला निवड येते ती अशीच. काही जण त्या वृद्धांच्या घरातून रिकाम्या हाताने परततात. त्याबद्दल खेळ त्यांना बक्षीस देत नाही. सकाळ होते आणि घरातला आजारी माणूस औषधावाचून तसाच पडलेला असतो.