सेंटरने रिंगखालीच उभे राहावे काय?

पुणे - शाळेच्या बास्केटबॉल संघात तेरा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा इतरांपेक्षा वीतभर उंच निघाला, की त्याची जागा आपोआप ठरते. रिंगखाली उभे राहायचे, हात वर ठेवायचे आणि चेंडू हाती आला की बोर्डावर मारून आत टाकायचा, एवढ्या तीन सूचनांवर त्याचे बास्केटबॉल सुरू होते. पुष्कळदा ते तेवढ्यावरच संपतेही. अशा मुलाने तीन गुणांच्या रेषेबाहेरून शॉट मारलाच, तर बाकावरून प्रशिक्षकांची आणि प्रेक्षकांतून पालकांची नाराजी एकाच वेळी त्याच्या कानावर येते. घरी दूरचित्रवाणीवर मात्र तोच मुलगा सात फुटी खेळाडूंना रेषेबाहेरून सहजपणे बास्केट करताना पाहत असतो.

मग उंच मुलाला बाहेरचा शॉट शिकवावा की नाही? थोडक्यात उत्तर असे, की शिकवावा. मात्र क्रमाने शिकवावा. आणि तो शिकवण्याचे सर्वांत मोठे कारण एनबीएत शोधण्याची गरज नाही. ते त्या मुलाच्या स्वतःच्या उंचीत दडलेले आहे.

रेषेने बदललेला खेळ

एनबीएने तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आणली. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, ती १९८४ मध्ये स्वीकारली. तेव्हा हे अंतर ६.२५ मीटर होते. २०१० मध्ये ते ६.७५ मीटर झाले आणि त्याच वेळी रिंगपुढचा समलंब आकाराचा रंगीत भाग जाऊन तेथे ४.९ मीटर रुंदीचा आयत आला. आपल्याकडील सामने फिबाच्याच नियमांना धरून होतात.

या नियमांतील एक फरक उंच खेळाडूच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एनबीएमध्ये २००१-०२ पासून बचाव करणाऱ्या खेळाडूलाही, तो कोणाला अडवत नसेल तर, रंगीत भागात तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत ही बंदी केवळ आक्रमण करणाऱ्या संघावर आहे. बचावातील उंच खेळाडू रिंगखाली हवा तेवढा वेळ ठाण मांडून बसू शकतो. त्याला तेथून बाहेर ओढण्याचा खात्रीचा मार्ग एकच. तो ज्याला अडवतो आहे, त्या खेळाडूने बाहेर उभे राहावे आणि तेथून त्याचा शॉट जाईल अशी भीती असावी. भीती नसेल, तर बचावपटू जागचा हलत नाही आणि आपल्या गार्डना रिंगकडे घुसायला वाट मिळत नाही. म्हणजेच सेंटरचा बाहेरचा शॉट त्याच्या स्वतःच्या गुणांइतकाच इतर चौघांच्या उपयोगी पडतो.

गणित काय सांगते?

रिंगजवळच्या शंभर प्रयत्नांपैकी साठ यशस्वी झाले, तर प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी १.२ गुण मिळतात. रेषेबाहेरून शंभरांत तेहतीस बास्केट झाले, तर सरासरी साधारण १ गुण पडते. त्याच मुलाचे लांबून वीसच शॉट जात असतील, तर ही सरासरी ०.६ वर येते. शिवाय तो बाहेर असल्यामुळे चुकलेला चेंडू घ्यायला रिंगखाली कोणी नसते. शालेय सामन्यांत चुकणारे शॉट पुष्कळ असतात आणि उंच मुलाचे निम्मे महत्त्व रिबाउंडमध्येच असते. त्यामुळे प्रशिक्षकांची नाराजी सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. आज सामना जिंकायचा असेल, तर त्यांचेच बरोबर आहे.

तीन-तीन खेळाडूंच्या, म्हणजे थ्री-बाय-थ्री प्रकारात मात्र हिशेब बदलतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली प्रथमच खेळल्या गेलेल्या या प्रकारात रेषेच्या आतून एक आणि बाहेरून दोन गुण मिळतात. येथे बाहेरच्या शॉटची किंमत दीडपट नसून दुप्पट आहे. लांबून तीस टक्के यश आणि रिंगजवळून साठ टक्के यश, या दोहोंचे फळ सारखेच.

लोपेझ आणि गोबेर

उंच खेळाडू मोठेपणी हे कसब शिकू शकतो काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रुक लोपेझचे आहे. या सात फुटी सेंटरने एनबीएमधील पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांचे ३१ प्रयत्न केले आणि त्यांतील ३ साधले. नवव्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने एकाच हंगामात असे १३४ बास्केट केले. पुढे २०२१ मध्ये मिलवॉकी संघाच्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. स्पेनचा मार्क गसोल याच वाटेने गेला. २०२२ मध्ये तर कार्ल-अँथनी टाउन्स या सेंटरने एनबीएची तीन गुणांची स्पर्धाच जिंकली.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. फ्रान्सचा रुडी गोबेर बाहेरून शॉट मारत नाही. तरीही २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४ अशा चार वेळा तो एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. चीनच्या याओ मिंगनेही तीन गुणांचे प्रयत्न क्वचितच केले. मात्र साडेसात फूट उंचीच्या याओची फ्री थ्रोची टक्केवारी ८३ होती, हे विसरता कामा नये. लोपेझचीही ती ऐंशीच्या जवळपास आहे. ज्याचा हात फ्री थ्रोच्या रेषेवर बसलेला आहे, त्याला पुढे अडीच मीटर मागे सरकणे जमते, असा याचा अर्थ.

येथे एक शंका रास्त आहे. लोपेझ अठ्ठाविसाव्या वर्षी शिकला, तर आपल्या मुलांनी घाई का करावी? याचे उत्तर असे, की लोपेझ सात फूट उंच होता. तो शिकेपर्यंत त्याची जागा त्याच्यासाठी राखलेली होती. पुण्यातील मुलाची तशी नसते.

भारतीय अनुभव

पंजाबातील बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये एनबीएच्या निवड प्रक्रियेत डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडला. हा मान मिळवणारा तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची सात फूट दोन इंच. मात्र एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो निवडला गेला त्याच महिन्यात गोल्डन स्टेट संघाने अंतिम मालिकेत सेंटर अँड्र्यू बोगटला बसवून त्याच्या जागी कमी उंचीचा आंद्रे इगोडाला याला उतरवले आणि विजेतेपद पटकावले. केवळ रिंगखाली खेळणाऱ्या धिप्पाड सेंटरचे दिवस फिरू लागल्याची ती खूण होती.

भारताने जुलै २०१४ मध्ये वुहान येथील आशिया चषक स्पर्धेत चीनला ६५-५८ असे हरवले, त्या संघात सहा फूट अकरा इंचांचा सेंटर अमृतपालसिंग आणि सहा फूट आठ इंचांचा फॉरवर्ड अमज्योतसिंग ही जोडी होती. त्यांपैकी अमज्योत बाहेरूनही शॉट मारणारा. २०१७-१८ च्या हंगामात अमृतपाल ऑस्ट्रेलियातील सिडनी किंग्जकडे, तर अमज्योत अमेरिकेतील एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये ओक्लाहोमा सिटीच्या संघाकडे गेला. आपल्या देशात सेंटरच्या जागेसाठी स्पर्धा कोणत्या उंचीची असते, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

पुण्यातील मुलाची उंची

आता तेरा वर्षांच्या त्या पुणेरी मुलाकडे परत येऊ. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण साडेतेरा ते चौदाव्या वर्षी. मुलींची त्याआधी सुमारे दोन वर्षे. काही मुले लवकर वयात येतात. ती तेराव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच दिसतात; परंतु त्यांची वाढ थांबतेही लवकर. आज पाच फूट दहा इंच असलेला मुलगा अठराव्या वर्षी सहा फूट एक इंचावर थांबला, तर त्यात आश्चर्य काहीच नाही. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास असताना ही उंची उत्तमच. पण ती सेंटरची उंची नव्हे. राष्ट्रीय पातळीवर त्याला गार्ड किंवा फॉरवर्ड म्हणून उतरावे लागते. आणि तोवर त्याला ड्रिबल येत नाही, समोर तोंड करून खेळता येत नाही, चार मीटरवरून शॉट जात नाही.

मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर घडते. बाराव्या वर्षी रिंगखाली उभी केलेली मुलगी पंधराव्या वर्षी संघातील मध्यम उंचीची खेळाडू झालेली असते. भारतीय महिला संघापर्यंत पोचलेली पुण्याची शिरीन लिमये रिंगखालची सेंटर म्हणून नव्हे, तर बाहेरच्या जागांवर खेळून तेथवर गेली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

खरा प्रश्न हा आहे. जिल्हा आणि विभाग पातळीवरचे विजय, दहावी-बारावीचे क्रीडागुण, राज्य संघाची निवड हे सारे लगेच हवे असते आणि उंच मुलाला रिंगखाली उभे केले की ते मिळतेही. त्याची किंमत मात्र एकटा तो मुलगा चार वर्षांनी मोजतो. शाळेला तोपर्यंत दुसरा उंच मुलगा मिळालेला असतो.

क्रम कोणता असावा?

याचा अर्थ उद्यापासून त्याला रेषेबाहेर उभे करावे, असा नाही. आधी पायांची हालचाल, दोन्ही हातांनी रिंगजवळचे बास्केट आणि रिबाउंडसाठी अंगाने जागा अडवणे ही कामे पक्की व्हावीत. ती सोडून लांबचा शॉट शिकलेला उंच मुलगा ना घरचा ना घाटचा ठरतो.

दुसरी पायरी फ्री थ्रोची. फळीपासून ४.६ मीटरवरची ही रेषा म्हणजे उंच खेळाडूची खरी शाळा. सरावाच्या शेवटी, दमलेल्या अवस्थेत दहापैकी सात जाऊ लागले, की हात बसला असे समजावे. याच जागेवरून जंप शॉट जमला, तर त्याचा लाभ शालेय सामन्यांत ताबडतोब होतो. पुढे दोन आणि मागे तीन अशा जागा-बचावात सर्वांत मोकळी राहणारी जागा नेमकी फ्री थ्रोच्या रेषेजवळची असते. तेथे चेंडू घेऊन शॉट मारणारा आणि दोन्ही बाजूंना पास देणारा सेंटर असेल, तर हा बचाव फार काळ टिकत नाही.

तीन गुणांची रेषा ही शेवटची पायरी. अंगात बळ येण्याआधी मूल लांबून मारू लागले, की चेंडू छातीजवळून ढकलण्याची सवय लागते. शॉट सपाट जातो, वेळ लागतो आणि डोक्यावरून चेंडू सोडण्याचा उंचीचा फायदाच नाहीसा होतो. मोठ्यांचा सात क्रमांकाचा चेंडू सुमारे सहाशे ग्रॅम वजनाचा असतो. लहान मुलांनी सहा क्रमांकाच्या हलक्या चेंडूने सराव करण्यात कमीपणा नाही. सरावात कोणी अडवत नसताना शंभरांत चाळीसही जात नसतील, तर सामन्यात रेषेबाहेरून मारण्याची परवानगी देऊ नये. सराव मात्र थांबवू नये. सराव आणि सामना यांचे नियम वेगळे ठेवले, की प्रशिक्षक आणि पालक यांच्यातील निम्मा वाद मिटतो.

गुडघ्यांकडेही लक्ष हवे. झपाट्याने उंच होणाऱ्या मुलांना गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणे ही सामान्य तक्रार आहे आणि सिमेंटच्या मैदानावर सतत उड्या मारल्याने ती वाढते. अशा दिवसांत उडी न मारता उभ्याने शॉटचा सराव करता येतो. हात बसायचा तो त्यातही बसतो. दुखणे टिकून राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे.

मैदानावरील रेषाही एकदा तपासून घ्यावी. जुन्या सिमेंटच्या मैदानावर ६.२५ मीटरची रेषा तशीच राहिली असेल, तर तेथे बसलेला हात स्पर्धेत अर्धा मीटर कमी पडतो. रिंगच्या मध्याखालून फीत धरून ६.७५ मीटर मोजायला आणि खडूने खूण करायला पाच मिनिटे पुरतात.

नवा हंगाम सुरू होताना पालकांनी प्रशिक्षकांना एवढेच विचारावे, की आठवड्यातील किती वेळ आमचा मुलगा रिंगकडे पाठ करून खेळतो आणि किती वेळ तोंड करून. दुसऱ्या भागाचे उत्तर शून्य असेल, तर त्याची उंची वाढायची थांबण्यापूर्वी ते बदलून घेणे इष्ट.