सोन्याच्या पिंजऱ्यांतील शहाजादे

इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्याच्या जनानखान्यांत कांहीं सुंदर दालनें आहेत. भिंतींना चिनी मातीच्या नक्षीदार फरशा, खिडक्यांना रंगीत कांचा. या भागाला तुर्की भाषेंत ‘कफेस’ म्हणत. उर्दूंतील ‘कफस’ तो हाच शब्द, अर्थ पिंजरा. उस्मानी घराण्यांतील शहाजादे येथें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें काढीत.

आश्चर्य असें कीं, ही चाल दयेंतून निघाली. वडील मुलानेंच गादीवर बसावें असा नियम या घराण्यांत नव्हता. जो तख्त मिळवील तो सुलतान. आणि यादवी टाळण्यासाठीं त्यानें भावांचा वध केल्यास दुसऱ्या महंमदाच्या कायद्यानें त्याला मुभा होती. १५९५ सालीं तिसरा महंमद गादीवर येतांच त्याच्या १९ भावांचे गळे आवळण्यांत आले. त्याचा मुलगा पहिला अहंमद १६०३ सालीं सुलतान झाला, तेव्हां त्याचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. त्याला अद्याप मूलबाळ नव्हतें. त्यानें धाकटा भाऊ मुस्तफा याला मारलें नाहीं. राजवाड्यांत कोंडून ठेवलें. १६१७ सालीं अहंमद वारल्यावर याच मुस्तफाला तख्तावर बसविण्यांत आलें. पुढें घराण्यांतील सर्वांत वडील पुरुषानें गादीवर बसण्याची रीत रूढ झाली, आणि इतरांच्या नशिबीं कफेस आला.

पूर्वीं शहाजाद्यांना प्रांताचा कारभार देऊन राज्य करावयास शिकवीत. तिसरा महंमद स्वतः मनिसा प्रांतांत तयार झाला होता. ती प्रथा आतां बंद पडली. कफेसमध्यें नोकरचाकर असत, दासी असत. परंतु शहाजाद्याला मूल होऊं देण्याची मनाई असे. फौज, दरबार, रयत यांचें दर्शन नाहीं. आणि दाराशीं पाऊल वाजलें तर तें मारेकऱ्याचें कीं काय, ही धास्ती मात्र नित्याची.

इब्राहिमाची हकीकत ऐका. त्याचा भाऊ चौथा मुराद यानें आपल्या तीन भावांचा वध करविला होता. १६४० सालीं मुराद मरण पावला व दरबारी इब्राहिमाला तख्तावर नेण्यास आले, तेव्हां हा सापळा आहे अशा समजुतीनें तो बाहेर येईना. भावाचें प्रेत प्रत्यक्ष दाखविल्यावरच त्याची खात्री पटली. आठ वर्षांनीं त्याला पदच्युत करून ठार मारण्यांत आलें. त्याचा मुलगा दुसरा सुलेमान सुमारें चाळीस वर्षें कोंडलेला होता. तो १६८७ सालीं सुलतान झाला आणि १६९१ सालीं वारला. तिसऱ्या उस्मानानें तर ५१ वर्षें बंदिवासांत काढलीं, राज्य केलें अवघीं तीन वर्षें.

तथापि पिंजऱ्याची खिडकी किंचित् उघडी राहिली तर काय होतें, याचेंही एक उदाहरण आहे. १७७४ नंतर चुलत्याच्या कारकीर्दींत तिसऱ्या सेलिमाला पुष्कळ सवलत मिळाली. त्यानें संगीताची साधना केली आणि फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्याशीं पत्रव्यवहारही केला. १७८९ सालीं गादीवर येतांच त्यानें सैन्याची नवी घडी बसविण्यास आरंभ केला.

भ्रातृवधापेक्षां बंदिवास बरा, यांत शंका नाहीं. या चालीनें घराण्याचा वंश तगला. परंतु ज्यांच्या हातीं पुढें राज्य द्यावयाचें त्यांनाच राज्यापासून दूर ठेवल्यानें, सुलतान नांवाचा आणि सत्ता वजिरांची अथवा राजमातेची, असा प्रसंग वारंवार आला. जीव राखण्यासाठीं जें दार लावलें, तेंच राजपुत्राचें शिक्षणही बाहेर ठेवून बसलें.