नोटीस, बुलडोझर आणि मार्क्स : कायदा नेमका कोणाचा?



मागच्या व्याख्यानात आपण पाया आणि इमला ही मार्क्सची कल्पना पाहिली. जमीन, यंत्रे, भांडवल कोणाच्या हातात आहे आणि राबतो कोण, हा समाजाचा पाया. त्यावर उभा राहतो राज्य, नीती, कायदा यांचा इमला. १८५९ मधल्या एका प्रस्तावनेत मार्क्सने हे सूत्र मांडले. त्यावर साहजिकच एक प्रश्न येतो. कायदा जर मालकवर्गाचाच असेल, तर गरिबाने कोर्टात जायचे कशाला? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतातच. मग मार्क्सही तेच सांगतो का? आज आपल्याला एवढाच प्रश्न सोडवायचा आहे.

मार्क्स स्वतः कायद्याचा विद्यार्थी होता. १८४२ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, कोलोनच्या एका वृत्तपत्रात त्याने लाकूडचोरीच्या कायद्यावर लेख लिहिले. ऱ्हाइन प्रांतातली गरीब माणसे पूर्वापार जंगलात पडलेला वाळका लाकूडफाटा गोळा करत. विधिमंडळाने त्याला चोरी ठरवले, आणि दंडाचा पैसा वनमालकालाच मिळावा अशी सोय केली. बघा, लाकूड तेच, माणसे तीच. काल जो रिवाज होता तो आज गुन्हा झाला, कारण मालकीची व्याख्या बदलली. आपल्याकडे इंग्रजांच्या वनकायद्यांनी आदिवासींचे नेमके हेच केले.

इथे थांबलो तर उत्तर सोपे आहे : कायदा म्हणजे मालकाच्या हातातली काठी. पण मार्क्स इथे थांबला नाही. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर एक मोठे प्रकरण आहे. मालक म्हणतो, मी दिवसाचे श्रम विकत घेतले, ते पुरेपूर वापरणार. कामगार म्हणतो, मला उद्याही जगायचे आहे. बाजाराच्या नियमाने दोघेही बरोबर! मग निकाल लागतो तो बळावर. इंग्लंडमध्ये १८४७ चा दहा तासांचा कायदा अशाच झगड्यातून आला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली आणि १८९० मध्ये ती मिळाली. आपण आज रविवारी इथे निवांत बसलो आहोत, त्यामागे तो लढा आहे. उलटही घडते. १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपावर बंधने घालणारा औद्योगिक कलह कायदा आणला. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. म्हणजे कायदा हे रणांगणसुद्धा आहे.

आता तिसरी पायरी, थोडी अवघड. १९२४ मध्ये पाशुकानिस नावाच्या रशियन कायदेपंडिताने विचारले, कायद्यात कोणाचे हित आहे एवढेच का पाहता? त्याचा साचा पाहा. बाजारात देवघेव व्हायची तर दोघांनी एकमेकांना मालक म्हणून मानावे लागते, एक मालाचा आणि दुसरा पैशाचा. त्यातूनच कायद्यातली ‘समान व्यक्ती’ जन्मते. मीरा रोडला निम्म्या घरांत ओळखीचा असलेला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा कागद घ्या. त्यावर घरमालक आणि भाडेकरू अगदी बरोबरीचे, दोघांचीही सही ‘राजीखुशीने’. पण एकाकडे दोन फ्लॅट आहेत आणि दुसऱ्याला महिनाअखेर छप्पर हवे आहे, हे कागदाला दिसत नाही. समता खोटी नाही, पण तिच्या मागची विषमता ती झाकते. खुद्द पाशुकानिसला स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये मारण्यात आले. कायद्याची चौकट नुसती मोडून टाकली की माणूस मोकळा होत नाही, हेही त्यातून शिकावे.

हे सगळे आपल्या दारात तपासून पाहू. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री इथे नया नगरमध्ये दोन गटांत हिंसाचार झाला. २३ तारखेला महापालिकेचे बुलडोझर आले आणि काही बांधकामे पाडली गेली. अनधिकृत म्हणून पाडली, असे कारण सांगितले गेले. दुकानदारांची तक्रार होती की नोटीसच मिळाली नाही. पुढे १३ नोव्हेंबर २०२४ ला, देशभरातल्या अशा कारवायांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : नुसता आरोप झाला म्हणून घर पाडता येणार नाही, किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी, म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होईल.

चांगला निकाल. पण त्यात एक अपवाद आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणजे ज्याच्याकडे निदान चार भिंती आहेत त्याला नोटीस, आणि पदपथावर झोपणाऱ्याला? त्याची गोष्ट जुनी आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत पदपथावरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. मोठे तत्त्व! पण त्याच निकालात पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम राहिला. झोपड्यांना पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली. हक्क मान्य झाला, पण जागा गेली. साचा म्हणतात तो हा.

मग कोर्टात जायचे की नाही? इथे इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन मदतीला येतो. अठराव्या शतकातल्या, जंगलातल्या गरिबांना फाशी देणाऱ्या एका कायद्याचा त्याने अभ्यास केला. तो कायदा जमीनदारांचाच होता, हे त्याने दाखवले. तरी १९७५ च्या त्या पुस्तकाच्या शेवटी तो म्हणतो की सत्तेवर नियमांचे बंधन असणे ही माणसाची मोठी कमाई आहे. कायद्याला न्यायाचा मुखवटा टिकवायचा असेल, तर अधूनमधून खरोखर न्याय द्यावाच लागतो. तेवढ्या फटीतून गरीब आत शिरतो. अनेक मार्क्सवादी मित्र त्याच्यावर नाराज झाले. आम्हाला मात्र तो मार्क्सच्या कामाच्या दिवसाच्या प्रकरणाशी सुसंगत वाटतो.

तेव्हा आमचे उत्तर असे. नोटीस हा नुसता कागद नाही. पंधरा दिवस म्हणजे सामान हलवायला, वकील गाठायला, चार शेजारी गोळा करायला मिळालेला वेळ. तो लढून मिळालेला आहे, सोडू नका. पण नोटीस तुम्हाला घर देत नाही. या शहरात राबणाऱ्याला परवडेल असे छप्पर का नाही, हा पायाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोर्टाच्या निकालपत्रात सापडणार नाही. ते संघटनेत शोधावे लागेल. कोर्टाची पायरी जरूर चढा, फक्त एकट्याने चढू नका.