रक्तवाहिनीचे वय

गोरेगाव येथे १९६३ साली सीबा या स्विस कंपनीने जे संशोधन केंद्र सुरू केले, त्या कंपनीच्या नावलौकिकात आपल्याच मातीतील एका मुळीचा वाटा होता, हे आज त्या उपनगरातही फारसे कोणाच्या स्मरणात नाही. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सप्रमाण मांडले आणि १९५२ साली सीबाच्या बाझेल येथील शास्त्रज्ञांनी तीतून रेसर्पिन वेगळे काढले.

हे रेसर्पिन सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचे शरीरातील साठे रिते करते. त्यामुळे नाकातील रक्तवाहिन्या फुगून प्रौढ रोग्याचे नाक चोंदे, आणि तो तोंडाने श्वास घेऊन वेळ निभावून नेई. परंतु प्रसूतीपूर्वी ज्या मातांना हे औषध दिले गेले, त्यांच्या नवजात बालकांचे नाक चोंदले, तेव्हा मुख्यतः नाकानेच श्वास घेणाऱ्या त्या जिवांच्या प्राणांशीच गाठ पडली.

सेरोटोनिनचा स्वभावही असाच वयसापेक्ष आहे. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य म्हणून १९४८ साली क्लीव्हलंड येथे ते रक्तरसातून वेगळे करण्यात आले खरे. पण प्रौढाच्या निरोगी हृदयरोहिणीत त्याच्या अल्प मात्रेने उलट प्रसरण होते, कारण रोहिणीचा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून स्नायूंना शिथिल करतो. तो अंतःस्तर रोगग्रस्त झाला, की आकुंचनाची सरशी होते. गर्भाची गोष्ट निराळी. त्याला प्राणवायू वारेतून मिळत असल्याने फुप्फुसांतील वाहिन्या आकसलेल्या असतात, आणि ज्या वाहिन्यांनी जन्मानंतरच्या पहिल्या श्वासांबरोबर उघडावयाचे, त्याच सेरोटोनिनने अधिक आकसतात, असे मेंढीच्या गर्भांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

म्हणूनच सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणारी नैराश्यावरील औषधे गरोदरपणाच्या अखेरीस घेतल्यास काही बालकांच्या या वाहिन्या वेळेवर उघडत नाहीत की काय, अशी शंका उपस्थित झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली तसा इशारा दिला, आणि पुरावे परस्परविरोधी असल्याने निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, असे २०११ साली जाहीर केले. प्रौढांवर पारखलेले औषध नवजातालाही तसेच मानवेल, हे सरसकट गृहीत धरणे मला गैर वाटते. तरी नैराश्य हाही मातेचा खराच आजार आहे, तेव्हा कोणाही गर्भवतीने ही औषधे परस्पर बंद न करता आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.