शेतीशाळा आणि शाश्वत शेती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेतीशाळा म्हणजे मंडपात भरणारा मेळावा, एक व्याख्यान आणि शेवटी वाटली जाणारी माहितीपत्रके, अशी समजूत गावोगाव आढळते. खरी शेतीशाळा एखाद्या यजमान शेतकऱ्याच्या बांधावर भरते आणि पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक दिवसांनी भरत राहते. साधारण पंचवीस जण लहान गटांनी पिकात उतरतात, झाडे निवडून पाने, फुले, किडी, ओलावा आणि तण पाहतात, दिसले त्याचे चित्र कागदावर काढतात आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे हे चर्चेतून ठरवतात. शेजारी नेहमीच्या पद्धतीने केलेला दुसरा प्लॉट असतो, त्यामुळे खर्च आणि उत्पन्न यांची तुलना डोळ्यांसमोर होते. प्रशिक्षक उत्तर देण्याची घाई करत नाही; तो प्रश्न विचारतो.

ही पद्धत इंडोनेशियातील भातशेतीत घडली. तेथे तपकिरी तुडतुड्यांवर सरसकट फवारणी होत असे. त्यात कोळी आणि मित्रकीटक मरत. तुडतुड्यांची अंडी मात्र भाताच्या पर्णकोशात दडलेली असल्याने वाचत, आणि पुढची पिढी अधिक जोमाने वाढे. 1986 मध्ये तेथील सरकारने भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याला कीड ओळखता येत नाही, म्हणून 1989 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. महाराष्ट्रात कृषी विभाग आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांनी ही पद्धत गावांपर्यंत नेली आहे.

पिकावर दिसलेला प्रत्येक किडा शत्रू असतो, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ढालकिड्याची अळी काळपट, काटेरी, दिसायला भीतीदायक असते. तिला पाहताच अनेक जण पंप पाठीवर घेतात. प्रत्यक्षात ती मावा खाऊनच वाढते. शेतीशाळेत अशी अळी माव्याने भरलेल्या फांदीसोबत बरणीत ठेवून वर जाळीचे कापड बांधले जाते. दुसऱ्या दिवशी मावा किती उरला हे शेतकरी स्वतः मोजतो, आणि मग सांगण्यासारखे फारसे राहत नाही. फवारणी कधीच करू नये, असा याचा अर्थ नाही. किडीचे प्रमाण आर्थिक नुकसानीच्या पातळीपुढे गेले तर ती करावीच लागते. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर उपायांची वेळ आली असे मानतात. तारीख पाहून किंवा शेजाऱ्याचा पंप सुरू झाला म्हणून केलेली फवारणी पैसाही घालवते आणि मित्रकीटकही.

शाश्वत शेती म्हणजे उद्यापासून सर्व रासायनिक खते बंद, असेही अनेकांना वाटते. श्रीलंकेने 2021 मध्ये एका निर्णयाने रासायनिक खतांची आयात थांबवली. भाताचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. यामागे साधा हिशेब आहे. चांगल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे 10 टनांतून 50 किलो, आणि तेही पहिल्या हंगामात पिकाला पूर्ण मिळत नाही. 45 किलोच्या युरियाच्या एका गोणीत जवळपास 21 किलो नत्र असते. जीवामृतात तर 200 लिटर पाण्याला 10 किलोच शेण असते. ते सूक्ष्मजीवांचे विरजण आहे, खताची गोणी नव्हे. म्हणून माती परीक्षण, कडधान्यांचा फेरपालट, पाचट न जाळता कुजवणे आणि सेंद्रिय कर्ब वाढेल तसे रासायनिक खत कमी करणे, हा क्रम शिकवावा लागतो. ताजे शेण शेतात टाकणे हा काही यातला जवळचा मार्ग नाही: त्यासोबत तणांचे बी आणि हुमणीच्या अळ्या येतात. नीट रचलेला ढीग कुजताना तापतो आणि त्या उष्णतेत तणांचे बरेचसे बी मरते.

वनस्पतीपासून केलेले औषध निर्धोक असते, हेही खरे नाही. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन त्वचेतून शरीरात जाते, म्हणून हातमोजे आणि तोंडावरचे कापड तेथेही हवे. उलट निंबोळी अर्क कुचकामी ठरवला जातो तो फवारल्यावर कीड लगेच मरत नाही म्हणून. त्याने किडीचे खाणे मंदावते आणि कात टाकणे बिघडते. परिणाम दिसायला काही दिवस जातात. उन्हात त्यातील घटक लवकर विरतो, त्यामुळे फवारणी संध्याकाळी करायची असते.

शिकवायला पदवी लागते आणि शिकायला पुरुष यावेत, हा गैरसमज मात्र थेट प्रशिक्षणाच्या मुळावर येतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली, इतर महिलांना बियाणे राखायला आणि परसबाग लावायला शिकवले आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. निंदणी, वेचणी आणि बियाण्याची साठवण बहुतांशी बायकाच करतात; पानाखालची कीडही बहुधा त्यांनाच आधी दिसते. तरी शेतीशाळेचे निमंत्रण सातबाऱ्यावरचे नाव पाहून जाते. निमंत्रणाची यादी करताना त्या शेतात रोज कोण राबते हे आधी विचारावे, आणि वर्गाची वेळ त्यांच्या सोयीने ठरवावी.