टेनिसचे बूट घेताना

सानिया मिर्झाने 2005 साली हैदराबाद ओपन जिंकली, ती माझ्या भाचीच्या जन्माआधी. तिलाही टेनिसच शिकायचंय. सुलतान बाजारात तिने धावण्याचे हलके गुलाबी बूट उचलले, मी टेनिसचे जड पांढरे. पैसे एकाच जोडीचे.

"मावशी, हे तर आजोबांचे वाटतात!"

वाटू देत. धावताना पाऊल सरळ पडतं, टेनिसमध्ये सारखं आडवं. तिथे उंच, मऊ टाच कलते आणि घोटा मुरगळतो. टेनिसच्या बुटाला दोन्ही बाजूंनी आधार असतो. सिमेंटचं कोर्ट तळ झिजवतं, म्हणून जाड रबर बघायचं. मातीच्या कोर्टाला नागमोडी खाचा हव्यात.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, पाय जरा फुगलेले असतात. खेळायचेच मोजे घाला, आणि दुकानातच दोन-चार आडव्या उड्या मारून बघा, कोणी हसलं तरी.