तालमीची रीत आणि शहरातील जिम

वाशी, नेरूळ किंवा कोपरखैरणे येथील एखाद्या सेक्टरातून रात्री आठच्या सुमारास चालत गेले, तर तळमजल्यावर किराणा आणि औषधांची दुकाने, पहिल्या मजल्यावर काचेआड जागच्या जागी धावणारी माणसे आणि त्याच्याही वर कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे, असे दृश्य हमखास दिसते. त्या काचेआडच्या जागेला आता सगळेच जिम म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरतो, कारण तालीम म्हटले की डोळ्यांपुढे निराळे चित्र उभे राहते.

ते चित्र आधी पाहू. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत शिरायचे तर वहाणा बाहेर राहतात. हौद्यातील माती प्रथम कपाळाला लागते आणि मग अंगाला. माती खणण्याचे काम पैलवानच करतात. त्यासाठी गडी येत नाही. नवख्याची जोड कोणाशी लावायची, हे वस्ताद ठरवतो, त्यामुळे थोराड गड्याने पोरसवद्याला आपटून बढाई मिरवावी, ही सोय तेथे नसते. तालमीत सारेच गोड होते असे आमचे म्हणणे नाही. बायकांना तेथे मज्जाव होता, आणि पन्नाशीच्या कारकुनाला कोणी आत बोलावीत नव्हते. ही दोन्ही माणसे आज जिममध्ये दिसतात, ही जिमची मोठीच कमाई मानली पाहिजे. परंतु वस्ताद मात्र मागे राहिला. जिममध्ये ज्याने त्याने पैसे भरलेले असतात, आणि पैसे भरणाऱ्याला रीत सांगणार कोण?

याचा फटका बसतो तो नवख्याला. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून बजावले. त्यांनी वर्षाचे पैसे एकरकमी भरले. पहिल्याच दिवशी तेथील शिक्षकाने उत्साहाच्या भरात त्यांच्याकडून इतक्या बैठका काढून घेतल्या, की दुसऱ्या दिवशी त्यांना स्टेशनचा जिना कठडा धरून उतरावा लागला. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तेव्हा एका तरुणाने न पाहताच म्हटले, "काका, जरा बाजूला." ते बाजूला झाले ते कायमचेच. पैसे बुडाले, त्याहून वाईट म्हणजे व्यायाम बुडाला.

तेव्हा जिम निवडताना यंत्रे मोजण्यापेक्षा तेथे सर्वांत दुबळ्या माणसाला कसे वागवतात, ते पाहावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आपण ज्या वेळी जाणार त्याच वेळी जाऊन अर्धा तास बसावे. दुपारी तीन वाजता मोकळी आणि थंड वाटणारी जागा, मुंबईहून गाड्या भरभरून परतू लागल्या की रात्री आठला ओळखू येत नाही. शिक्षक वजनाला हात लावू देण्यापूर्वी रक्तदाब, मधुमेह आणि जुनी दुखणी विचारतो की नाही, हे पाहावे. हा नुसता उपचार नव्हे. श्वास कोंडून जड वजन उचलले तर रक्तदाब त्या क्षणी फार चढतो. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात एकाएकी उतरू शकते. नव्या श्रमाने अंग दोन-तीन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. परंतु सवय नसताना अतोनात श्रम झाले, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर शेकत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

यंत्रांविषयी एवढेच सांगू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला आहे. यातील पहिला भाग नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या पाण्याकाठी भरभर चालून फुकटात होतो. जिम हवी ती मुख्यतः दुसऱ्या भागासाठी. मग वीस ट्रेडमिलच्या रांगेला भुलण्याचे कारण उरत नाही. थोडी वजने आणि एक समजूतदार शिक्षक पुरे.

जागा घर आणि स्टेशन यांच्या वाटेवर असावी. वाट वाकडी करावी लागली की पावसाळ्यात पाय वळत नाहीत. पैसे महिन्याचे भरावेत, जरी महाग पडले तरी. वर्षाचे बारा हजार म्हणजे महिन्याला हजार, हा हिशेब बाराही महिने जाणाऱ्याचा. तीन महिन्यांत थकणाऱ्याला महिना चार हजारांना पडतो. जिम मध्येच बंद पडली, तर पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्यावे. दाद लागली नाही, तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

आता वागणुकीकडे वळू. उचललेले वजन जागेवर ठेवणे, ही पहिली रीत. दणकट गडी बारवर वीस-वीस किलोच्या चकत्या तशाच सोडून जातो, तेव्हा मागून येणाऱ्या बाईला व्यायामाआधी हमाली करावी लागते. जड वजनाच्या दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे विसावा लागतो, हे खरे. पण तो बाकावर ठाण मांडून, मोबाइल चाळीतच घ्यावा, असे कोठे आहे? कोणी ताटकळत असेल, तर आलटून-पालटून करावे. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पंचा आपला असावा आणि उठताना बाक पुसावा. गजकर्ण गेल्या काही वर्षांत औषधाला सहज बधेनासे झाले आहे, आणि ते दुसऱ्याच्या पंचावरून, सतरंजीवरून येऊ शकते. पावसाळ्यात आतले बूट वेगळे ठेवावेत.

न मागता सल्ला देऊ नये. मान मोडण्याची वेळ आली असेल, तर अवश्य ओरडावे, एरवी नाही. स्वतःचे छायाचित्र काढताना आरशात मागे कोण दिसते, ते आधी पाहावे.

आणि वजन खाली टाकू नये, टेकवावे. पहाटे साडेपाचला पहिल्या मजल्यावर पडलेले पंचवीस किलोचे डंबेल वरच्या घरातल्या तान्ह्या मुलाला जागे करते, आणि त्या घराने जिमला काहीच पैसे दिलेले नसतात.